जुनी गाडी अधूनमधून मिसिंग मारते: प्लग बदलण्याआधी काय काय तपासायचं

मिसिंग म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल मधूनच न पेटणं, त्यामुळे गाडी झटके देते. सकाळी पहिल्या सेल्फला चालू होते, गावातून फाट्यापर्यंत ठीक जाते आणि हायवेला लागून दहा-बारा किलोमीटर झाले की झटके द्यायला लागते. गॅरेजसमोर उभी केली की काहीच होत नाही. मिस्त्री रेस देऊन पाहतो, दोष दिसत नाही, म्हणून प्लग बदलतो. आठवड्याने पुन्हा तेच. मग वायरी बदलतात, मग कॉइल, आणि शेवटी ‘पंप गेला असंल’ म्हणून टाकी उतरवतात. दोष मात्र एखाद्या सैल अर्थिंगमध्ये (बॅटरीचं निगेटिव्ह इंजिन-बॉडीला जोडणाऱ्या पट्टीत) किंवा टाकीच्या बुजलेल्या श्वासनळीत (टाकीत हवा घेणाऱ्या नळीत) तसाच राहतो.

कायमचा दोष शोधणं सोपं असतं, कारण तो समोर दिसतो. अधूनमधून येणारा दोष मात्र तो आलेला असतानाच पकडावा लागतो. म्हणून गाडी कोणत्या वेळी मिसिंग मारते हे आधी टिपायचं आणि पाना त्यानंतर हातात घ्यायचा.

इथलं सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल आहे: मारुती ८००, ओम्नी, झेन, अल्टो, जुनी वॅगनआर, सँट्रो आणि त्यांच्या वयाच्या इतर गाड्या. कार्ब्युरेटर आणि एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाड्या) दोन्ही घेतले आहेत. डिझेलचं गणित वेगळं, त्याबद्दल शेवटाकडे दोन ओळी आहेत.

आधी टिपण

डॅशबोर्डच्या खणात एक कागद ठेवा. झटका आला की, गाडी बाजूला घेऊन, एवढं लिहा: इंजिन थंड होतं की तापलेलं, गिअर आणि वेग, चढ की सपाट, टाकीत पेट्रोल किती, ते कुठे आणि कधी भरलं, एसी चालू होता का, पाऊस होता का, खड्ड्यात आदळल्यावर झालं का, चेक इंजिनचा दिवा लागला का. चार-पाच नोंदी झाल्या की बहुतेक वेळा दोषाची दिशा कळते.

झटका कसा येतो हेही तितकंच कामाचं. चावी बंद करून लगेच चालू केल्यासारखा, एकदम तुटक झटका बसला तर तो विजेचा दोष समजावा: कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी), क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं टिपणारा), रिले (विजेवर चालणारा स्विच), इग्निशन स्विच किंवा अर्थिंग. आरपीएमचा काटा असलेल्या गाडीत तो अशा वेळी क्षणात शून्यावर पडतो आणि गाडी मात्र गिअरमध्ये पळतच असते. याउलट पिकअप हळूहळू सुटत गेला, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही गाडी ओढेना, एक-दोन आचके देऊन बंद पडली, तर पेट्रोल पोहोचत नाही असं धरून चालावं. आणि सतत एका लयीत फट-फट येत राहिलं, रेस वाढवली की तेही भरभर झालं, तर एकच सिलिंडर काम सोडतोय.

वेळेवरून अंदाज साधारण असे बांधता येतात. फक्त पावसात किंवा दवाच्या सकाळी होतं: हाय टेन्शन वायरी (प्लगपर्यंत वीज नेणाऱ्या), डिस्ट्रिब्यूटर कॅप (प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या डब्याचं झाकण). फक्त तापल्यावर होतं आणि वीस-तीस मिनिटं थांबलं की आपोआप बरं होतं: कॉइल, इग्निशन मॉड्यूल (कॉइलला चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक भाग), क्रँक सेन्सर, कार्ब्युरेटर गाडीत पेट्रोलची वाफ. फक्त चढावर किंवा ओव्हरटेक करताना होतं: फिल्टर, पंपाचं प्रेशर, नाहीतर प्लगचा वाढलेला गॅप (ठिणगी पडते ती फट). वळणावर आणि टाकी तळाला असताना होतं: पंप हवा ओढतोय. पांदण रस्त्यावर आदळत जाताना होतं: सैल कनेक्टर किंवा बॅटरीचं टोक.

गाडीला एलपीजी किट असेल तर निदान निम्मं सोपं होतं. झटके सुरू असतानाच गॅसवर टाका. गॅसवरही तसंच राहिलं तर दोष ठिणगीत, वायरिंगमध्ये किंवा इंजिनात आहे. गॅसवर साफ झालं तर पेट्रोलच्या बाजूने शोधा. गॅस पेटायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे कमजोर कॉइल आणि जुन्या वायरी गॅसवर आधी उघड्या पडतात, हेही लक्षात ठेवा.

ठिणगीची बाजू

प्लग काढण्याआधी त्याच्या खोबणीतली धूळ हवेने किंवा सायकलच्या पंपाने उडवा. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ बारीक असते. प्लग काढला की ती सरळ सिलिंडरमध्ये उतरते. हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं, म्हणून इंजिन थंड असतानाच प्लग काढावा. वायर धरून ओढू नका, रबरी टोपी थोडी फिरवून ओढा. वायरींवर चिकटपट्टीने १, २, ३ लिहून ठेवा. तीन सिलिंडरच्या मारुतीचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-२ असतो, चार सिलिंडरच्या बहुतेक गाड्यांचा १-३-४-२. डिस्ट्रिब्यूटरवर दोन वायरी अदलाबदल झाल्या की गाडी चालू होते, पण कायम आचके देते. ‘काम केल्यापासून जास्तच बिघडली’ अशी तक्रार असेल तर पहिली शंका इथे घ्यावी.

प्लग ओळीने मांडून पाहा. टोक फिक्या बिस्किटी रंगाचं असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय किंवा एअर फिल्टर बुजलाय. ओला तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक, फोड आलेला म्हणजे मिश्रण पातळ आहे किंवा प्लग चुकीच्या नंबरचा आहे. एकच प्लग इतरांपेक्षा वेगळा दिसला तर त्या सिलिंडरच्या मागे लागा. सगळे सारखेच काळे असतील तर दोष सामाईक आहे. चिनी मातीच्या पांढऱ्या भागावर उभी बारीक काळी रेघ दिसली तर नीट पाहा. ती पुसली जात नाही. ठिणगी टोकाला न जाता त्या रेघेवरून बाहेर पळते, आणि तिची जोडी रबरी टोपीच्या आतही उमटलेली असते. अशा वेळी नुसता प्लग बदलला तर काही दिवसांत नव्या प्लगवर तशीच रेघ येते. टोपी किंवा वायर सोबत बदलावीच लागते.

गॅप फीलर गेजने मोजा. कार्ब्युरेटरच्या गाड्यांना बहुधा ०.७ ते ०.८ मिमी, एमपीएफआयला १.० ते १.१ मिमी, गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तोच खरा. गॅसवर चालणाऱ्या गाडीला तो थोडा कमी ठेवतात. नवा प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवायचा आणि मग पान्याने फक्त अर्धा फेरा. वॉशर दबलेला जुना प्लग पुन्हा बसवताना फेऱ्याचा आठवा हिस्सा पुरतो. जोर लावला तर हेडचे आटे जातात, आणि ते काम तालुक्याच्या लेथवाल्याकडे जातं. नकली प्लग बाजारात भरपूर आहेत. छपाई फिसकटलेली, आटे खरबरीत, मधला इलेक्ट्रोड वाकडा असेल तर घेऊ नका.

वायरी ओहम मीटरने मोजा. कार्बन गाभ्याच्या वायरीला मीटरभर लांबीला साधारण १० ते २० किलोओहम येतात. मोजताना वायर हळूच वाकवा. आकडा उडत असेल किंवा मीटर ‘ओपन’ (आत तुटलेलं) दाखवत असेल तर ती गेली. सगळ्यांत सोपी परीक्षा रात्रीची: गाडी अंगणात न्यूट्रलला चालू ठेवा, बॉनेट उघडा, दिवे बंद करा आणि झाडांना पाणी मारायच्या स्प्रे बाटलीने वायरी, कॅप आणि कॉइलवर बारीक फवारा मारा. गळती असेल तिथे निळसर ठिणगी नाचताना दिसते आणि इंजिन हुकतं. पेट्रोलचा वास येत असेल तर ही परीक्षा करू नका. गळ्यातला दुपट्टा काढून ठेवा आणि हात पट्ट्यापासून दूर ठेवा.

डिस्ट्रिब्यूटर असलेल्या गाडीत कॅप काढून आतल्या टोकांवरची पांढरी-हिरवी पूड, मधलं कार्बनचं बोंड झिजलंय का, आणि केसासारखी चीर आहे का ते पाहा. पूड खरवडून काही महिने निघतात, चिरेला इलाज नाही. शाफ्ट आडवा हलवून पाहा; बुशमध्ये खेळ असेल तर टायमिंग भटकतं आणि कॅप-रोटर कितीही वेळा बदलले तरी गाडी सुधारत नाही. पॉइंटवाल्या पद्मिनी-अ‍ॅम्बेसेडरमध्ये पॉइंट जळून खड्डा पडणं आणि कंडेन्सर कमजोर होणं हे नेहमीचं. पॉइंट बदलताना कंडेन्सर सोबत बदलावा.

कॉइल मात्र थंड मोजून सोडून देऊ नये. थंडपणी ती बरोबर आकडा दाखवते आणि तापल्यावर आतली तार तुटते. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या कॉइलचा प्रायमरी (बॅटरीकडचा वेढा) साधारण ०.५ ते १.५ ओहम, सेकंडरी (प्लगकडचा वेढा) बहुधा ६ ते १५ किलोओहमच्या दरम्यान. गाडी अर्धा तास पळवून, झटका आलेला असताना पुन्हा मोजा. तापल्याने तांब्याचा रोध वाढतोच, ६० अंश तापमान वाढलं तर सुमारे पाव पट, त्यामुळे थोडा वाढलेला आकडा पाहून घाबरू नका. मीटर ओपन दाखवत असेल किंवा आकडा दुपटीवर गेला तर कॉइल बाद. चार सिलिंडरच्या कॉइलपॅकवाल्या बऱ्याच गाड्यांत एक कॉइल १-४ला आणि दुसरी २-३ला ठिणगी देते. या जोडीतले दोन्ही सिलिंडर एकदम सोडत असतील तर प्लग-वायरींवर वेळ घालवू नका.

तापल्यावर गाडी ठप्प होत असेल तर बाटलीभर पाणी आणि फडकं सोबत ठेवा. बंद पडताच चावी बंद करून ओलं, पिळलेलं फडकं कॉइलवर ठेवा, दोन-तीन मिनिटांनी सेल्फ मारा. लगेच चालू झाली तर कॉइलवर संशय पक्का. नाही झाली तर पुढच्या वेळी हेच क्रँक सेन्सरवर करा. एका वेळी एकच पार्ट थंड करायचा, दोन्ही केले तर काहीच कळत नाही.

पेट्रोलची बाजू

सुरुवात टाकीच्या झाकणापासून करा. हा फुकटचा तपास आहे आणि तोच सगळ्यांत जास्त विसरला जातो. पेट्रोल कमी होईल तशी टाकीत हवा शिरायला वाट लागते. ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते, पंप ओढून थकतो आणि वीस-तीस किलोमीटरवर पिकअप सुटतो. थांबलं की हवा हळूहळू आत झिरपते आणि गाडी पुन्हा बरी. झटके सुरू असताना गाडी थांबवा आणि झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा जोरदार आवाज आला आणि त्यानंतर गाडी लगेच सरळ धावली तर दोष सापडला. उन्हात तापलेल्या टाकीतून बाहेर ‘फुस्स’ येणं वेगळं, ते नेहमीचं आहे. गाडी तत्काळ सुधारते का हीच खरी कसोटी.

श्वासनळी बुजण्याचं आपल्याकडचं ठरलेलं कारण म्हणजे कुंभारमाशी. मातीची घरटी करणारी ही माशी पेन्सिलएवढं कोणतंही भोक सोडत नाही. गाडी कोठ्यात किंवा टिनाच्या शेडमध्ये महिनाभर उभी राहिली की टाकीच्या श्वासनळीच्या तोंडाशी चिखलाची गोळी सापडते. ती आत ढकलू नका. नळी काढून टाकीच्या बाजूने फुंका आणि बसवताना तोंडाला बारीक जाळी बांधा.

नंतर पेट्रोल स्वतः. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांचं रबर त्याच्यासाठी बनवलेलं नव्हतं: नळ्या आधी फुगतात, मऊ होतात, मग तडकतात. शिवाय इथेनॉल टाकीच्या तळाचा वर्षांचा गाळ सोडवून फिल्टरकडे पाठवतं, म्हणून फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बुजतो. तिसरी गोष्ट पाण्याची. इथेनॉल थोडं पाणी आपल्यात मिसळून घेतं, पण हद्द ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र तळाशी बसतात, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. फक्त लग्नसराईत बाहेर निघणाऱ्या गाडीला हे हमखास होतं. पारदर्शक काचेच्या बाटलीत टाकीच्या तळातलं पेट्रोल घ्या, अर्धा तास हलवू नका. खाली वेगळा थर किंवा दुधाळपणा दिसला तर टाकी रिकामी करण्याशिवाय मार्ग नाही. वरून नवं पेट्रोल ओतून ते जात नाही.

किराणा दुकानातल्या बाटलीतल्या पेट्रोलचं काही सांगता येत नाही. अडीनडीला टाकावं लागलं तर त्याची कागदावर नोंद करा. पंपावर शंका आली तर फिल्टर पेपर मागता येतो, तो मागणं हा ग्राहकाचा हक्क आहे. नोझल पुसून एक थेंब टाकायचा. शुद्ध पेट्रोल एक-दोन मिनिटांत उडून जातं आणि डाग राहत नाही.

फिल्टर धुळीच्या भागात २०,००० किलोमीटरला बदललेला बरा. एमपीएफआयमध्ये नळी सोडण्याआधी प्रेशर उतरवा: पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, मग बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडा. बिडी-सिगारेट लांब. जुना फिल्टर फेकू नका. ज्या तोंडाने पेट्रोल आत येतं त्या तोंडाने तो पांढऱ्या फडक्यावर उलटा ओता. तांबूस पूड आली तर टाकीला गंज. काळे मऊ कण आले तर रबरी नळी आतून कुजतेय. नुसती मातकट पूड आली तर तो त्याचं काम करत होता. नव्या फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे हवा. एमपीएफआयला नळी घेताना ‘इंजेक्शनची’ म्हणून मागा, वर एसएई जे३० आर९ छापलेलं असतं. कार्ब्युरेटरची साधी नळी तिथे प्रेशरने फुटते, आणि फुटलेली नळी गरम इंजिनावर पेट्रोल उडवते.

पंपाची पहिली परीक्षा कानाने. चावी ऑनवर नेली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद ‘झुं’ आवाज यायला हवा. झटक्यानंतर गाडी बंद पडली आणि हा आवाज आला नाही तर आधी रिले आणि फ्यूज पाहा. शेजारच्या त्याच नंबराच्या रिलेशी अदलाबदल करा. प्रेशर गेज लावलं तर जुन्या एमपीएफआयला बहुधा २.५ ते ३ बार मिळायला हवेत. उभ्या गाडीत ठीक दिसणारं प्रेशर चढावर पडतं, म्हणून लांब नळीचं गेज काचेला टेकवून, शेजारी माणूस बसवून गाडी पळवणारा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नका. प्रेशर कमी आलं म्हणून लगेच पंप बदलू नका. पंपाच्या कनेक्टरवर चालू स्थितीत व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त कमी असेल तर आधी वायर आणि अर्थिंग दुरुस्त करा.

टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून थंड राहतो. दरवेळी ‘दोनशेचं टाका’ केलं आणि काटा कायम लालवर ठेवला तर मे महिन्यात तो तापून लवकर जातो, आणि परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना प्रत्येक वळणावर हवा ओढून झटके देतो ते वेगळंच. उन्हाळ्यात पाव टाकीखाली जाऊ देऊ नका.

कार्ब्युरेटरवाल्यांचा उन्हाळा वेगळा. चंद्रपूर, अकोला, ब्रह्मपुरीला पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा इंजिनाला चिकटलेल्या यांत्रिक पंपात पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलतो, वाफ नुसती दाबली जाते, पुढे जात नाही. गावात पाच मिनिटं थांबून पुन्हा निघालं की झटके, हे त्याचं लक्षण. पंप आणि नळीवर ओलं फडकं ठेवल्याने बरी झाली तर निदान पक्कं. मग पंपाखालचा उष्णतारोधक ठोकळा जागेवर आहे का (ओव्हरहॉलमध्ये तो हमखास गहाळ होतो), नळी एक्झॉस्टला टेकते का, आणि टाकीकडे परत जाणारी नळी बुजली आहे का हे बघा. झटके उन्हाशी संबंधित नसतील तर फ्लोटचा डबा (कार्ब्युरेटरमधला पेट्रोलचा साठा) उघडून मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) साफ करा. हवेने साफ करायचं; तार घातली की भोक मोठं होतं आणि अ‍ॅव्हरेज कायमचं जातं. चोक पूर्ण उघडतोय का पाहा. चावी ऑन केल्यावर कार्ब्युरेटरवरच्या सोलेनॉइडचा (विजेने उघडणाऱ्या झडपेचा) ‘टक’ आवाज यायला हवा. त्याची वायर सैल असेल तर न्यूट्रलला गाडी अचानक बंद पडते.

एमपीएफआयचे इंजेक्टर मीटरने ११ ते १६ ओहमच्या दरम्यान आणि सगळे जवळजवळ सारखे यावेत. कोणता सिलिंडर सोडतोय ते शोधायला न्यूट्रलला एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढा: ज्याचा काढल्याने काहीच फरक पडत नाही, तो दोषी. इलेक्ट्रॉनिक इग्निशनला प्लगची वायर काढून हे करू नका. ठिणगीला जागा मिळाली नाही की कॉइल किंवा मॉड्यूल जळतं.

वायरिंग, अर्थिंग आणि उंदीर

शहरातल्या गाडीपेक्षा गावातल्या गाडीत हा भाग मोठा असतो. कापूस घरात भरला, अंगणात कुटाराची गंजी आणि पऱ्हाटीचा ढीग लागला की उंदीर येतात, आणि रात्री बॉनेटखालची ऊब त्यांना आवडते. वायपरखालची खोबण, बॅटरीच्या मागची बाजू, एअर फिल्टरचा डबा या तीन जागी कापसाचा बोळा किंवा लेंड्या दिसल्या तर पुढचा तपास तिथूनच. कुरतडलेली वायर पूर्ण तुटलेली नसते. दोन-चार तारा उरलेल्या असतात, त्या सपाट रस्त्यावर काम करतात आणि खड्ड्यात सोडतात. गाडी चालू ठेवून वायरींचा जुडगा हाताने थोडा-थोडा हलवत पुढे जा. जिथे इंजिन हुकेल तिथे उघडा.

जोड मारताना पीळ देऊन इन्सुलेशन टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं काम आताच ठरवणं. टेपचा डिंक वितळतो आणि जोड उघडा पडतो. सोल्डर करा आणि वर गरम करून आकसणारी नळी चढवा. टेस्ट लॅम्पची सुई वायरीत खुपसू नका, त्या भोकातून पावसाळ्यात ओल शिरते आणि आतलं तांबं काळं पडतं. एअर फिल्टरच्या हवा घेणाऱ्या तोंडाला ६ मिमीची तारेची जाळी बसवली तर निदान डब्यात तरी घरटं होत नाही.

अर्थिंगची परीक्षा करायला जम्पर केबल पुरते. झटके येत असताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनाच्या ब्लॉकला केबल लावा. झटके थांबले तर मूळ पट्टी गंजलेली किंवा सैल आहे. मीटर असेल तर इंजिन, हेडलाइट, ब्लोअर चालू ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह आणि ब्लॉक यांच्यात व्होल्टेज मोजा. ०.२ पेक्षा जास्त आलं तर बोल्ट काढून दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत घासा, बसवल्यावर वरून ग्रीस लावा. बॅटरीवर गाडी बंद असताना १२.४ ते १२.६, चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत.

इग्निशन स्विच झिजलेला असतो आणि त्यात ट्रॅक्टरची, विहिरीच्या मोटारीच्या पेटीची, गोठ्याची अशा सगळ्या चाव्यांचा झुबका लोंबत असतो. आठ दिवस एकटी चावी लावून चालवा. फरक पडला तर स्विच बदला.

हवा आणि सेन्सर

वेचणीच्या दिवसांत जिनिंगच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर कापसाच्या तुसाने मढतो. दर ५,००० किलोमीटरला काढून झटकून घ्या, कागदी फिल्टर धुवू नका. इंजिन मॅनिफोल्डच्या (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या भागाच्या) रबरी नळ्यांवर न्यूट्रलला पाण्याचा बारीक फवारा मारा; आवाज बदलला तिथे चीर आहे. मॅप सेन्सरची (मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरची) नळी सुटली तर गाडी काळा धूर सोडत आचके देते. थ्रॉटल बॉडीतला (अ‍ॅक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेतला) काळा थर कार्ब क्लीनर आणि जुन्या टूथब्रशने काढा, पण सेन्सरवर फवारू नका.

टीपीएसला (थ्रॉटल किती उघडला ते सांगणाऱ्या सेन्सरला) काट्याचा मीटर लावा, डिजिटलपेक्षा तो इथे चांगला. अ‍ॅक्सिलरेटर हळू दाबताना व्होल्टेज साधारण अर्ध्या व्होल्टपासून चार व्होल्टच्या वर एकसारखं चढायला हवं. मध्येच काटा पडला तर त्याच जागेवर गाडी झटका देते, आणि ते नेहमी एकाच वेगाला होतं. कूलंट तापमानाचा सेन्सर मारुतीत २० अंशांना साधारण २.२ ते २.७ किलोओहम, ८० अंशांना ०.३ च्या आसपास दाखवतो. तो थंडीचा आकडा देत राहिला तर तापलेल्या इंजिनाला जास्त पेट्रोल मिळतं आणि प्लग काळे पडतात.

एप्रिल २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ (गाडी स्वतःचे दोष कोडने नोंदवते ती व्यवस्था) सक्तीचं झालं, त्यामुळे त्यानंतरच्या गाडीत साध्या ब्लूटूथ डोंगलने कोड वाचता येतात. पी०३०० म्हणजे कुठलाही सिलिंडर सोडतोय, पी०३०१ पासून पुढचा शेवटचा आकडा सिलिंडरचा. फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो तो आकडा) अधिक २० टक्क्यांच्या वर असेल तर हवेची गळती किंवा कमी प्रेशर शोधा. कोड वाचण्याआधी बॅटरी काढू नका, नोंदी पुसल्या जातात. ओबीडी-२ नसलेल्या जुन्या मारुतींत दोन पिना जोडून चेक इंजिनच्या दिव्याच्या लुकलुकीवरून कोड कळतो. १२ म्हणजे सगळं ठीक. पिना मॉडेलगणिक बदलतात, चुकीच्या जोडल्या तर ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) जळतो, म्हणून पुस्तक हातात असल्याशिवाय हात लावू नका.

इंजिनच थकलं असेल तर

वरचं सगळं ठीक आणि एकच सिलिंडर सोडतोय, तर कॉम्प्रेशन (प्लगच्या भोकाला गेज लावून सिलिंडरचा दाब) घ्या. सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, पंपाचा फ्यूज काढलेला. सिलिंडरांमध्ये १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक वाईट. कमी आलेल्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा घ्या: वाढलं तर रिंग, तसंच राहिलं तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. वर्षानुवर्षं गॅसवर पळालेल्या गाडीत व्हॉल्व्ह सीट झिजते, व्हॉल्व्हचा गॅप संपतो आणि तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. तिथे नुसता गॅप पुन्हा लावून कधी कधी गाडी बरी होते, हेड उतरवण्याआधी तेवढं करून पाहावं.

पहिल्या गिअरला क्लच सोडतानाच झटका येत असेल तर ते मिसिंग नाही, इंजिनाचं माउंटिंग किंवा क्लच पाहा. ८०० सीसीच्या गाडीत एसीचा कॉम्प्रेसर लागताना-सुटताना जाणवणारा हिसका नेहमीचाच असतो.

डिझेल बोलेरो-सुमोवाल्यांनी फिल्टरखालचं पाणी सोडावं आणि टाकी ते पंप या नळीत मध्ये हातभर पारदर्शक नळी जोडून गाडी चालवावी. बुडबुडे दिसले की हवा शिरतेय. क्लिप, वॉशर, फिल्टरवरचा हातपंप या क्रमाने तपासा.

दुरुस्तीनंतर

एका वेळी एकच पार्ट बदला, आणि ज्या रस्त्यावर, ज्या उन्हात, जितकी माणसं बसवून झटके येत होते तसंच चालवून पाहा. गॅरेजच्या दारातली रेस ही परीक्षा नव्हे. पहाटे बरी वाटलेली गाडी दुपारी दोनला न्या. काढलेली कॉइल किंवा वायर निर्दोष निघाली तर ती दुकानात सोडू नका, ‘चांगली’ असं लिहून डिकीत टाका. तिथेच प्लग पाना, एक प्लग, दोन फ्यूज, पंपाचा रिले, फूटभर इंजेक्शनची नळी आणि दोन क्लिपा, मीटर, जम्पर केबल, पाण्याची बाटली आणि फडकं ठेवा. अंधार पडल्यावर तालुक्याचं स्पेअरचं दुकान बंद असतं, आणि मारुती ८०० जानेवारी २०१४ मध्ये बनायची थांबल्यापासून तिचे काही अस्सल पार्ट नागपूर-अमरावतीहून मागवल्याशिवाय मिळत नाहीत.